वळणावरचे अठ्ठ्याऐंशी टक्के

— नाही, रागावू नका, पण तुमचा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. शर्यत गाडी जिंकते की चालक, हे म्हणजे टाळी उजव्या हाताची की डाव्या, असं विचारण्यासारखं आहे. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्यावर पेट्रोल सांडलंय, इकडे खिडकीपाशी बसा. हा जनरेटर एका बेकरीचा आहे, त्याचं कार्बुरेटर उघडून बसलोय, तेव्हा मी हात चालू ठेवूनच बोलतो; त्यात तुमचा अनादर समजू नका. — अगं-तुगं करू? नाही, ते माझ्याकडून व्हायचं नाही. तुमच्या बाबांनाही मी अहो-जाहोच करायचो, आणि ते माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. ते मला दादा म्हणायचे. तुम्ही दारात उभ्या राहिलात तेव्हा आधी कपाळ ओळखलं मी, मग तुम्ही सांगितलंत कोणाच्या कोण ते. — बरे आहेत ना? — हं. — गाडी शिकवतात अजून? मी पाहिलं होतं एकदा त्यांना. सिग्नलला उभे होते, छपरावर ती शिकाऊची पाटी, चाकामागे एक बाई घामाघूम झालेल्या आणि शेजारी तुमचे बाबा, हात मांडीवर. हाक मारावीशी वाटली. मारली नाही. का नाही मारली? — गर्दी होती, म्हणून. शिकवणाऱ्याच्या पायाशी फक्त ब्रेक आणि क्लच असतो, नाही का? ऍक्सिलरेटर नसतोच त्या बाजूला. सिग्नल सुटेपर्यंत मी तेवढंच पाहत होतो.

असो. कौशल्य की तंत्र, असा तुमचा विषय. ऐका तर. मी वीस वर्षं कानानं इंजिनं लावली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे — कुठली झडप आळशी, कुठलं बेअरिंग म्हातारं होऊ घातलंय, सगळं ऐकू यायचं. कानसेन म्हणायचे मला आमच्या शर्यतीच्या संघात. थट्टेनं म्हणायचे, पण अडलं की यायचे माझ्याकडेच. आणि तुमचे बाबा म्हणजे — मला जे कानाला कळायचं ते त्यांना बसल्या जागी कमरेतून कळायचं. एकदा सरावातून आत आले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, ‘दादा, मागचं डावं चाक रुसलंय.’ आम्ही चाक काढलं, तपासलं, हवा पाहिली, काही नाही. सगळे हसले. ‘रुसलेल्या चाकाला साडी घ्या आता,’ असंसुद्धा कोणीतरी म्हणालं. तिसऱ्या दिवशी त्याच चाकाचं बेअरिंग फुटलं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही हो, की बघा, मी म्हणालो होतो. तसा स्वभाव नव्हता. स्वभाव तसा असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. भांडले तरी असते.

मग ते यंत्र आलं. डब्याएवढी एक पेटी, गाडीत चालकाच्या पाठीमागे बसवायची, आणि एक लॅपटॉप. गाडीच्या अंगाला जागोजागी सेन्सर लावायचे, की प्रत्येक फेरीचा इत्थंभूत आलेख हजर — ब्रेक किती दाबला, चाक किती वळवलं, पाय किती खाली होता. त्याच्यासोबत एक इंजिनिअर आले होते, तीन आठवड्यांत ते दुसऱ्या संघाकडे गेले, आणि पेटी राहिली. कोणी हात लावेना. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस; पण वाचायची सवय होती, आहे. चारशे बारा पानांची पुस्तिका, परक्या भाषेत, शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचून काढली. एक एक शब्द. आमची ही म्हणायची, परीक्षेला बसणार आहात का या वयात. बसलोच होतो म्हणा ना. कारण संघाचे मालक उघड बोलू लागले होते, की कानाचे दिवस गेले, कानसेनांना आता निरोप द्यायला हवा. म्हणून मी शिकलो. आणि शिकलो तेव्हा मला — लपवत नाही — मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. ग्रीसच्या हातांनी मान खाली घालून वावरणारा माणूस मी, आणि आता चष्मा लावून पडद्यासमोर बसायचो तर चालक माझ्या पाठीशी उभे राहून विचारायचे, ‘काय म्हणतंय?’

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की यंत्र खोटं बोलत नाही, आणि — — 

काय म्हणालात? गुरुवारी चाचणी? तुमची स्वतःची? म्हणजे तुम्ही गाडी चालवता. शर्यतीची. — आणि एका संघाचे लोक त्यांच्या गाडीत बसवून वीस फेऱ्या पाहणार आहेत तुम्हाला. अरे वा. वा. मला वाटलं लेख-बिख लिहिताय. मग हे आधी सांगायचं. — आणि बाबा? — नको म्हणतात. का नको? — पुन्हा सांगा. — ‘आपल्या घराण्याचा पाय ऐन वेळी उचलला जातो.’ असं म्हणाले? याच शब्दांत? तुमच्या तोंडावर?

थांबा, हा कार्बुरेटरचा जेट खाली पडला. बारीक असतो, हरवला तर मिळत नाही. — मिळाला.

हा कागद तुमच्याकडे कसा? — त्यांच्या कपाटात. गाडीच्या जुन्या कागदपत्रांत. जपून ठेवला होता म्हणा की. नाही, ओळखण्याचा प्रश्नच नाही, मीच छापून काढलेला आहे तो, वर तारीख माझ्या हातची आहे. अठरा वर्षं झाली. येतं तुम्हाला हे वाचायला? — बरोबर, तुम्ही आता यातच शिकलात. ही वरची रेघ म्हणजे पाय. ऍक्सिलरेटर किती उघडा ते. शंभर, शंभर, शंभर, मग ब्रेक, मग पुन्हा शंभर — आणि इथे, इथे ती बसते. अठ्ठ्याऐंशी. त्या मैदानाला एक लांब डावं वळण होतं, पाव मैलाचं, भिंत उजव्या अंगाला इतकी जवळ की हात काढला तर लागावी. ते पाय तळाला ठेवून घ्यायचं असतं. जो पाय उचलत नाही त्याची छाती आहे, जो उचलतो त्याची नाही, इतका सरळ हिशेब होता चालकांमध्ये. आणि हा आलेख म्हणतो, की तुमच्या बाबांनी उचलला. एका फेरीत नाही, चोवीसच्या चोवीस फेऱ्यांत. तेच वळण, तेच अठ्ठ्याऐंशी. शर्यतीत पाचवे आले ते. दुसऱ्या दिवशी बैठक झाली, मी कागद वाचून दाखवला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या जागी मालकांचे भाचे नेमले गेले. — हे तुम्हाला ठाऊक असणारच. एवढंच आहे. यापलीकडे मी काय सांगणार?

— हो. तिथे घडी आहे खरी. — हो, मधोमध. — कागदाला घड्या पडतातच, इतकी वर्षं कपाटात — नाही. नाही, ही घडी कपाटातली नाही, तुम्ही बोट ठेवलंय तर सांगतो. मी घातली ती, बैठकीत जाण्याआधी. मालकांना दोन रेघा एकदम समजत नसत, गोंधळत, म्हणून खालची रेघ मागे दुमडली. त्यांच्या सोयीसाठी. — खालची रेघ इंजिनाच्या फेऱ्यांची. — हो, दिसतंय मला. मोतीबिंदू काढलाय माझा, स्वच्छ दिसतं. ती बसत नाही. दोऱ्यासारखी सरळ आहे. — बरोबर बोलताय. पाय उचलला असता तर इंजिनाचा दम थोडा तरी उतरला असता, खालची रेघ थोडी तरी लवली असती. शंभरातले बारा गेले आणि इंजिनाला पत्ताच नाही, असं होत नाही. तुम्ही हे किती वेळात पाहिलंत? — पहिल्या नजरेत. हं.

तुम्ही ते ठरवूनच आलात तर. कौशल्य की तंत्र, हे आपलं दार उघडायला.

सांगतो. सेन्सर एवढासा असतो, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, हवेच्या झडपेच्या टोकाशी दोन स्क्रूंनी बसतो. गाडी चालायला त्याची गरज नव्हती; पेडलपासून झडपेपर्यंत सरळ तार होती. त्याचं काम फक्त चहाडी करायचं. शर्यतीच्या सकाळी एका स्क्रूचे आटे गेले. दुसरा स्क्रू त्या मापाचा हाताशी नव्हता. मी एका बाजूला स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची पट्टी आवळली, म्हटलं संध्याकाळी नीट करू. सरळ रस्त्यावर काही बिघडलं नाही. पण त्या लांब वळणावर गाडीचं सगळं वजन उजवीकडे झुकतं, आणि तेवढा वेळ तो सेन्सर पट्टीवर कलायचा. झडप पूर्ण उघडी, आणि तो म्हणतोय अठ्ठ्याऐंशी. वळण संपलं की पुन्हा जागेवर. चोवीस वेळा कलला, चोवीस वेळा सरळ झाला. तुमच्या बाबांचा पाय जिथे हवा होता तिथेच होता.

आता तुम्ही म्हणाल, हे कळलं कधी. भाचेबुवांनी पहिला सराव केला तेव्हा. त्यांच्याही रेघेत तेच वळण, आणि शहाऐंशी. भाचेबुवा म्हणजे — आता गेले ते, पण खरं बोलायला हरकत नाही — आरशात पाहून भांग पाडण्यापलीकडे त्यांना कुठलंही वळण घेता येत नसे. मी इंजिनाशी वाकून पाहिलं, तर पट्टी सैल. नवा स्क्रू बसवला. दुसऱ्या दिवशी भाचेबुवांची रेघ शंभरावर सरळ. मालकांनी तो कागद भिंतीवर लावला. ‘बघा,’ म्हणाले, ‘याला म्हणतात पाय.’ माझ्या दुरुस्तीनं भाचा शूर ठरला, आणि तुमचे बाबा — ते दुसऱ्यांदा भित्रे ठरले, तिथे नसताना. मी बोलू शकलो असतो. पट्टी खिशात होती माझ्या. का नाही बोललो? कारण मग पहिला प्रश्न आला असता, की पट्टी बांधली कोणी. त्या यंत्राचा तो पहिलाच निकाल होता. अडीच महिने ती पेटी मी सांभाळत होतो आणि तिनं कधी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. पहिल्यांदा बोलली, आणि माझ्या तोंडून बोलली. तो निकालच खोटा, असं मी सांगायचं? दोन दिवसांनी? आज सांगू, उद्या सांगू करता करता तुमच्या बाबांनी दुसरं काम धरलं, मग वाटलं, आता सांगून त्यांची घडी कशाला मोडा.

असा तो प्रकार. एक स्क्रू. प्रामाणिक चूक होती, आणि नंतरचा भित्रेपणा होता, तो माझा. मी मान्य करतो. तुम्ही तुमच्या चाचणीला अवश्य जा. घराण्याच्या पायाला काही झालेलं नाही.

— काय? — घडीचं काय? सांगितलं ना, मालकांच्या सोयीसाठी. — बैठकीच्या आधी, हो. — तोपर्यंत मला सैल पट्टी सापडलेली नव्हती, हेही खरं. — मग खालची रेघ दुमडायचं कारण?

तुम्ही वकिली शिकायला हवी होती.

मालकांच्या माथी मारू नये मी ते. मालकांना दोन रेघा समजत होत्या, चांगला हुशार माणूस होता. मीच पाहिली नाही खाली. चारशे बारा पानं वाचलेला माणूस मी, त्यात पहिल्याच प्रकरणात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की एकट्या रेघेवर विश्वास ठेवू नका, शेजारची पाहा. मी पाहिली नाही, कारण पाहिली असती तर दिसली असती. कागद छापून यंत्रातून निघाला, वरचं अठ्ठ्याऐंशी नजरेला पडलं, आणि मी खालचा भाग न पाहता दुमडला. का? कारण मला ठाऊक होतं. — कसं म्हणजे? मी त्या वळणावर उभा होतो ना. शर्यतीत माझी जागा ठरलेली असायची, भिंतीच्या अलीकडे, पत्र्याच्या आडोशाला. पेटी आल्यावरही सवयीनं तिथेच जाऊन उभा राहायचो. तुमचे बाबा चोवीस वेळा माझ्या समोरून गेले. मला बंद डोळ्यांनी गाडी ओळखू येते. एकदाही आवाज तुटला नाही. एकदाही नाही हो. बाकीच्यांचा तुटत होता, पहिल्या चारांपैकी दोघांचा तुटत होता. त्यांची इंजिनं मोठी होती म्हणून ते पुढे होते, बस. तुमच्या बाबांचा सूर वळणात शिरला तसाच बाहेर पडला, चोवीस वेळा. मी मनात म्हणालोसुद्धा, वाहवा.

आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत मी म्हटलं, अठ्ठ्याऐंशी.

ते म्हणाले, ‘मी पाय उचललेला नाही.’ आवाज चढवला नाही. म्हटलं ना, तसा स्वभाव नव्हता. मालक म्हणाले, कागद समोर आहे. मग तुमच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘दादा, तुम्ही होतात वळणावर. तुम्ही ऐकलंत. तुम्ही सांगा.’

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या हिलाही नाही. ती गेली, तिला स्क्रूचंसुद्धा ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो — मालक बघत होते, भाचेबुवा बघत होते, आणि मला कानसेन म्हणून हसणारे सगळे बघत होते — मी म्हणालो, ‘कानाचं युग संपलं.’ असं म्हणालो. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून. वाक्य आदल्या दिवशीच तयार असल्यासारखं आलं. तुमच्या बाबांनी खाली पाहिलं, स्वतःच्या उजव्या बुटाकडे, आणि बराच वेळ पाहत राहिले. जणू तो बूट दुसऱ्या कोणाचा आहे. मग म्हणाले, ‘असेल.’ एवढंच. कागद मागून घेतला आणि गेले. मला वाटलं होतं, एक तरी शिवी देतील.

— नको. — अहो, काय करताय? कोणाला लावताय? नको, हे असं फोनवर — तुम्ही जाऊन सांगा ना त्यांना, मी लिहून देतो, सही करतो, तारीख घालतो. माझे हात तेलाचे आहेत. — वाजतोय. — हे बरं नव्हे, ताई.

हॅलो. — हो. — नाही, ती ठीक आहे, काही झालेलं नाही, इथे माझ्यासमोरच बसलीय. मी — दादा बोलतोय. — हो, तोच. आवाज ओळखलात. — मी बरा आहे. तुम्ही? — हं. — हं, गुडघा थंडीत दुखतो, माझाही दुखतो. — ऐका, मला थोडं बोलायचंय. मध्ये बोलू नका, नाही तर व्हायचं नाही माझ्याकडून. त्या वळणावर तुम्ही पाय उचललेला नव्हता. सेन्सर सुटला होता, मी बांधलेला. आणि मी ऐकलं होतं सगळं, चोवीस फेऱ्या, आवाज तुटला नव्हता, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी — मी खोटं बोललो. — हॅलो? — हो, आहे मी. — नाही, तिनं पढवलेलं नाही. — नाही हो, शपथ घेऊन सांगतो. — काय? — काय म्हणालात? — — नाही, तसं कसं होईल, मी तिथे — — बरं. — बरं. — सांगतो तिला.

घ्या. ठेवला त्यांनी.

म्हणाले, ‘दादा, तुम्ही मनाचे मोठे, पोरीसाठी एवढं करताय.’ म्हणाले, ‘पण पाय मी उचललाच होता. मला आठवतंय ना.’ कसा उचलला तेही सांगितलं. आधी अंगठा सुटायचा, म्हणाले, मग चवडा. भिंत दिसली की आपोआप व्हायचं, प्रत्येक फेरीला. घाम यायचा म्हणाले तळव्याला. स्वप्नातसुद्धा येतं.

नव्हता हो उचलला. मी होतो तिथे.

गुरुवारी जाऊ नकोस, असं तुम्हाला सांगायला सांगितलंय. मी निरोप दिला. — नाही, माझ्याकडे असं बघू नका. आणखी काही उरलेलं नाही माझ्याजवळ, होतं ते सगळं दिलं. — कागद घ्या तुमचा. — नाही, पुन्हा फोन लावू नका, ते उचलणार नाहीत, आणि उचलला तरी मला ऐकायचं नाहीये. बेकरीवाले पाचला येतील, हे सगळं सुटं पडलंय. जा तुम्ही आता.

जा म्हटलं ना.